मडक्याचा वसा

तात्या मास्तरांनी ट्रंकेतलं जुनं धोतर काढून ओसरीवर पसरलं, तेव्हा शकुंतलाबाईंना वाटलं, चला, नवऱ्याला शहाणपण सुचलं, आता त्याची पायपुसणी होतील. पण मास्तरांनी चुलीतला कोळसा आणला, धोतरावर सहा चौकोन आखले आणि पहिल्या चौकोनात एक भोपळा काढला.

"भोपळा कशाला?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"भोपळा नाही, सदू आहे तो. डोकं झालंय, धड यायचंय."

"मग देठ कशाला काढलाय?"

"शेंडी आहे ती," मास्तर जरा घुश्शातच म्हणाले.

त्याचं असं झालं होतं, की वरून एक परिपत्रक आलं होतं. 'लहान वर्गातील मुलांस पैशाची ओळख व काटकसरीची सवय चित्रकथेच्या द्वारे करून द्यावी.' परिपत्रक काढणाऱ्याचं काय जातंय? साल त्रेचाळीस, लढाई चाललेली, शाळेत लिहायला कागद नाही, मग चित्रं काढायला कुठला? म्हणून धोतर. दिवाळीच्या आधी डेप्युटी साहेब तपासणीला येणार होते आणि लहान वर्गाला पैशाचं ज्ञान कितपत झालं हे स्वतः पाहणार होते.

आता तात्या मास्तर साळुंबवाडीत सहा वर्षं होते आणि सहाही वर्षं हंगामी होते. या खेपेला शेरा चांगला पडला तर ते कायम होणार होते. वाईट पडला तर वाईला परत जायचं, थोरल्या भावाच्या पिठाच्या गिरणीत दळणाचे डबे उचलायचे, आणि शकुंतलाबाईंनी जाऊबाईंच्या हाताखाली त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोजत पोळ्या लाटायच्या. म्हणजे त्या धोतरावर सदू नुसता उभा राहणार नव्हता, दोघांचा संसार उभा राहणार होता.

शकुंतलाबाईंनी कोळसा नवऱ्याच्या हातातून काढून घेतला. माहेरी वाईला त्यांच्या रांगोळ्या बघायला घाटावरच्या बायका येत. गेरू, हळद, नीळ आणि काजळ एवढ्या सामानावर दोन दिवसांत त्यांनी सदू उभा केला. त्याची आई, घर, अंगणातली तुळस, सगळं कसं ओळखू येण्यासारखं झालं. मग त्यांनी विचारलं, "आता गोष्ट सांगा बघू."

मास्तरांनी घसा साफ केला. "सदूला रोज एक पैसा मिळे. तो खाऊ न घेता पैसा साठवी. वर्षाअखेर त्याच्यापाशी पाच रुपये अकरा आणे एक पैसा झाला. तात्पर्य, काटकसर करावी."

"ही गोष्ट झाली की नोटीस?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "पोरं झोपतील हो. मला सांगू द्या."

आणि इथंच घोटाळ्याला सुरुवात झाली. कारण शकुंतलाबाईंना गोष्ट सांगायची एकच रीत ठाऊक होती. श्रावणात आई देवापुढं बसून कहाण्या वाचायची, त्या ऐकत त्या वाढलेल्या. आताही श्रावणच होता. दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या. शाळा म्हणजे आप्पासो वाण्याचं जुनं गुळाचं गोदाम, भिंतींना अजून मुंग्या लागायच्या. खुंटीला धोतर टांगलं, समोर एकेचाळीस पोरं बसली आणि बाईंनी सुरू केलं.

"आटपाट नगर होतं. तिथं सदू नावाचा गरीब मुलगा होता. एके शुक्रवारी दारात एक म्हातारी आली, म्हणाली, बाळा, पाणी दे. सदूनं पाणी दिलं. म्हातारी प्रसन्न झाली. पदराखालून मडकं काढलं, म्हणाली, यात रोज एक पैसा टाक. टाकलेला काढू नको, आत डोकावू नको, मडकं फोडू नको. उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको."

पुढं गोष्टीत सदूच्या शेजारच्या गजाबानं पण मडकं मांडलं. आठव्या दिवशी त्याला गुडदाणी खावीशी वाटली, त्यानं मडकं फोडलं, तो आत नुसत्या खापऱ्या. सदूनं वसा पाळला. त्याचं मडकं भरलं आणि सहाव्या चित्रात त्याच्या दारात म्हैस उभी राहिली. मडकं न फोडता म्हैस कशी आली, हे कुणी विचारलं नाही. सहा वर्षांच्या अंबूनं तेवढं बोट वर केलं.

"म्हस दूध किती देती?"

"दोन्ही वेळचं मिळून आठ शेर," बाई पापणी न हलवता म्हणाल्या.

अंबूनं मान डोलावली. व्यवहार तिला पटला होता.

त्या संध्याकाळी गावातल्या कुंभाराची बारकी मडकी झाडून सगळी खपली. तिसऱ्या दिवशी अंबूची आजी राहीबाई मास्तरांच्या ओसरीवर येऊन बसली. या राहीबाईला विचारल्याशिवाय साळुंबवाडीतल्या बायका लोणचं घालत नसत. तिचे दोन्ही लेक फौजेत, दर महिन्याला मनिऑर्डरी येत, त्यामुळं शब्दाला वजन होतं.

"मास्तरीणबाई, वशाचं नेम काय ते नीट सांगा," ती म्हणाली. "पोरगी अर्धवट सांगती. मडक्याला हळदकुकू व्हायाचं का?"

शकुंतलाबाई जरा गोंधळल्या. पण सहा वर्षांत गावातली बाई पहिल्यांदाच त्यांच्याकडं काही विचारायला आली होती. "वाहिलं तर चांगलंच," त्या म्हणाल्या.

"उपास?"

"नाही धरला तरी चालेल."

"हे बेस झालं. उसाच्या खुरपणीत उपास जमत न्हाई. आन् हे एकट्या पोरांनीच करायचं, का आमी बायकांनी केलं तर चालतंय?"

"पैसा साठवायला काय हो, कुणीही साठवावा," आतून मास्तर आनंदानं ओरडले. नको तिथं तोंड घालायची त्यांना सवयच होती.

झालं. आठ दिवसांत घराघरांतून देव्हाऱ्याशेजारी मडकी बसली. पोरं सकाळी उठून आधी पैसा मागू लागली. बाप देईना तर आजी देई, आजी देईना तर आई बापाच्या बंडीच्या खिशातून काढून देई. शिवाय बायकांची मडकी निराळीच, त्यांत पैसा नसला तर आणा पडे, नाहीतर दोन आण्यांची चवल. गुडदाणीला कुणी हात लावीना. मास्तरांनी वर एक लांबलचक रिपोर्ट लिहून पाठवला, की चित्रकथेचा परिणाम अपेक्षेबाहेर झाला आहे. तो किती बाहेर झाला आहे, हे त्यांना अजून कळायचं होतं.

भाद्रपद लागला आणि गावात मोड मिळेनाशी झाली. मोड म्हणजे सुटे पैसे. मनिऑर्डरींच्या नोटा होत्या, गुळाचे आलेले रुपये होते, पण पैसा, आणा, चवल डोळ्याला दिसेना. सगळीकडंच मोडीची टंचाई आहे असं वर्तमानपत्रात येत होतं, पण साळुंबवाडीत तर ती औषधालाही उरली नव्हती. आप्पासो वाण्यानं आधी सुटे म्हणून काड्यापेट्या दिल्या. त्या संपल्यावर पोस्टाची तिकिटं दिली. ती घामानं एकमेकांना चिकटू लागली, तेव्हा सुपाऱ्या द्यायला लागला. पैशाला एक सुपारी. महिन्याभरात गावात एवढ्या सुपाऱ्या जमल्या, की पाच लग्नं उरकून उरल्या असत्या.

"आप्पासो, बारा आणं परत द्यायचं हायतं," एखादा म्हणे.

"हे घे अट्ठेचाळीस सुपाऱ्या. मोजून घे बाबा, मागनं तकरार नको."

लोक चिडले. चावडीवर मास्तर वर्तमानपत्र वाचून दाखवीत, त्यात आलं होतं की मोड दाबून ठेवणं हा आता गुन्हा आहे. लोक एकमेकांकडं बघू लागले. मोड दाबणार कोण? शेतकरी तर नाही. मग वाणीच. चारजण मास्तरांकडं आले, म्हणाले, एक अर्ज लिहून द्या. गावात कुणालाही अर्ज लिहायचा असला, मग तो विहिरीचा असो की सोयरिकीचा, लिहायचा मास्तरांनीच. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. मास्तरांनी नेहमीसारखा लिहून दिला, चौघांनी अंगठे उठवले, अर्ज इस्लामपूरला गेला आणि मास्तर विसरून गेले.

पंधरा दिवसांनी हवालदार आला. त्या साली पोलीस भूमिगतांना हुडकत फिरत, खाकी टोपी दिसली की अर्धं गाव उसात जायचं, त्यामुळं दुकानाची झडती बघायला फक्त म्हातारे उरले. हवालदारानं गुळाच्या ढेपा हलवल्या, मिठाच्या पोत्यात हात घातला, आप्पासोची गादी उसवली. निघाले तीन पैसे आणि एक चवल, तीही खोटी.

"काहीच नाही सापडलं," हवालदार मिशीवरून हात फिरवीत म्हणाला. "म्हणजे लईच बेमालूम दडवलीय. चार दिवसांनी परत येतो. तवर मोड बाहीर आली न्हाई, तर तुला घेऊनच जातो."

आप्पासो तडक शाळेत आला. गोदामाच्या दारात उभा राहिला. माणूस जाडजूड, एरवी हसतमुख, पण आज चेहरा आंबलेला.

"मास्तर, माज्यावर अर्ज केलासा तुमी."

"मी? छे हो."

"हवालदारानं दाखिवला मला. अक्षर तुमचं हाय. 'सदरहू वाणी हा लबाड असून' म्हणून लिवलंय. 'सदरहू'चा स कसा झोकदार काढलाय."

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "आप्पासो, मी फक्त लिहिला हो. केला गावानं."

"गावाला म्या काय करू? गोदाम माजं हाय, शाळा कमिटीत म्या हाय. येत्या गुरुवारी तुमचा दिपोटी येतोय आन् कमिटीचा कागुद माज्या सहीनं त्याच्या हातात जायाचा हाय. गळ्याशपथ सांगतो मास्तर, मी एक पैसा दडवला न्हाई. मोड जाती कुठं तेच कळंना. तुमी शिकलेलं मानूस. मोड काढून द्या, मी सही देतो. न्हाई तर मी जातो तुरुंगात आन् तुमी जावा वाईला."

असं म्हणून तो गेला. मास्तरांना त्या माणसाचं वाईट वाटत होतं आणि स्वतःचं त्याहून वाईट वाटत होतं. त्यातून आणखी एक अडचण होती. डेप्युटी येणार, पैशाची ओळख विचारणार, आणि पोरांना दाखवायला वर्गात एक आणासुद्धा नव्हता. आठ दिवस ते फळ्यावर गोल काढून हा आणा, ही पावली, असं सांगत होते आणि पोरं ते सगळे गोल भाकरी म्हणून बघत होती.

सोमवारी संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यांनी विचारलं, "घरात एखादी पावली, आणा, काही आहे का गं? निदान मुलांना दाखवायला."

"पैसे का? नाहीत बाई," शकुंतलाबाई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांची नजर देव्हाऱ्याकडं गेली, आणि मास्तरांनी ती पाहिली.

देव्हाऱ्याशेजारी मडकं होतं. हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूचं फूल. मास्तरांनी ते उचलायला हात घातला, तर दोन्ही हात लावावे लागले.

"हे काय?"

"वसा."

"आपण कुठं घेतलाय वसा?"

"मी घेतलाय." त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "तुम्ही कायम व्हावं म्हणून. रोज एक पैसा टाकते. भाजीत कोथिंबीर नसते ना हल्ली, ती त्यामुळं."

मास्तरांनी मडक्यावरचं फूल नीट केलं. या बाईनं सहा वर्षांत एकदा तोंड वाकडं केलं नव्हतं आणि आता कोथिंबीरसुद्धा सोडली होती. पण तेवढ्यात त्यांच्या डोक्यात दुसरा विचार आला, आणि ते मडकं मांडीवर घेऊन मटकन खाली बसले. आपलं एक मडकं. शाळेतली एकेचाळीस. त्यांच्या आयांची, आज्यांची, आत्यांची. रोज एक पैसा. श्रावणापासून.

"शकू," ते म्हणाले, "आख्ख्या गावाची मोड देवघरात बसलीय गं. आप्पासोनं नाही दडवली. आपण दडवलीय."

शकुंतलाबाईंनी हिशेब केला आणि त्यांनीही कपाळाला हात लावला. "आता हो?"

"आता काय? फोड."

"अहो, असं कसं फोडू? आत खापऱ्या निघतील."

"अगं, ती गोष्ट तू रचलीस. या ओसरीवर बसून. मी समोर होतो."

"रचली म्हणून काय झालं? सांगितली ना," शकुंतलाबाई म्हणाल्या.

गावातल्या बायका तर रचताना समोरही नव्हत्या. त्यांना कोण सांगणार, की मडकी फोडा, म्हातारी वगैरे काही नव्हती? राहीबाईनं त्यांनाच उसात पुरलं असतं. मग शकुंतलाबाई हळूच म्हणाल्या, "वसा टाकता येत नाही. पण उद्यापन तर करता येतं ना?"

मंगळवारी सकाळी धोतराच्या उरलेल्या टोकावर, म्हणजे कासोट्याच्या बाजूला, सातवं आणि आठवं चित्र निघालं. म्हातारी परत आली. तिच्या शेजारी एक जाडजूड वाणी हात जोडून उभा होता. चेहरा थेट आप्पासोचा, कारण दुसरा वाणी बाईंनी जवळून पाहिलाच नव्हता.

त्याच दुपारी जोतिबाच्या देवळासमोर बायका जमल्या, पोरं जमली. एका कडेला आप्पासो येऊन बसला होता, मास्तरांनी त्याला सगळं कानात सांगितलं होतं. ऐकून तो एवढंच म्हणाला, "माजी गादी उसवली गा त्यांनी." शकुंतलाबाईंनी धोतर पिंपळाच्या फांदीला बांधलं.

"सदूचं मडकं भरलं. तशी म्हातारी परत आली. म्हणाली, बाळा, तुझा वसा पुरा झाला. आता उद्यापन कर. देवाला नमस्कार करून मडकं फोड, मोड वाण्याला दे, त्याच्याकडून कोऱ्या नोटा घे, आणि त्या नोटांची दुसरी म्हैस घे."

सगळ्या बायकांनी राहीबाईकडं पाहिलं. राहीबाई जराशी पुढं सरकली.

"मास्तरीणबाई, ही म्हातारी आप्पासोच्या घरला जेवून तर आली न्हाई न्हवं?"

"नाही हो."

"मग असू दे. म्हातारी म्हनती तर उद्यापन करू. पर एक सांगा. घरात बसिवलेली लक्षुमी मोकळ्या हातानं बाहीर काढतात व्हय? शेजारणीला तांब्याभर ताक दिलं तरी ती तांब्या मोकळा देत न्हाई, चिमूटभर साखर घालून देती. आमी सोळा आणं द्यायचं आन् ह्यानं रुपया द्यायचा, मग वर काय?"

"वर काय म्हंजे?" आप्पासो कळवळून म्हणाला. "सोळा आणं म्हंजेच रुपया की."

"ते बाजारात. हितं वसा हाय. रुपयावर एक आणा द्या."

"आवं, एक आणा असता तर हे सगळं झालं असतं का? माज्याजवळ मोड न्हाईच की."

"मग तो आणा आमच्याजवळच ऱ्हाऊ द्या," राहीबाई शांतपणे म्हणाली. "आमी पंधरा देतो. तुमी सोळा समजा."

"ही उघडउघड लूट हाय."

"मग ऱ्हाऊ द्या. हवालदार कवा येनार हाय म्हनला?"

आप्पासोनं देवळाच्या कळसाकडं पाहिलं, मास्तरांकडं पाहिलं, मग आपल्या उसवलेल्या गादीची आठवण काढली आणि मान हलवली.

बुधवारी शाळेत मडकी फुटली. खापऱ्या निघाल्या नाहीत, हे बघून सगळ्यांत मोठा निःश्वास शकुंतलाबाईंनी टाकला. दिवसभर पोरं जमिनीवर बसून ढीग लावत होती. चार पैशांचा आणा, दोन आण्यांची चवल, पंधरा आण्यांचा ढीग, ढिगाला एक नोट. सहा वर्षांत शाळेत असा अभ्यास झाला नव्हता. पोरं सुरात म्हणत होती, "पंधरा आणे, एक रुपया." आनंदाच्या भरात मास्तरही छडीनं ठेका धरून त्यांच्याबरोबर म्हणत होते. आप्पासोनं नोटा दिल्या, कमिटीच्या कागदावर सही दिली, आणि मोडीचं गाठोडं बांधलं. पण आता हवालदार आला आणि एवढी मोड दुकानात सापडली तर पुन्हा तोच गुन्हा, म्हणून गुरुवारी पहाटेच गाठोडं बैलगाडीत घालून तो इस्लामपूरला गेला. मोड बाहेर आली, हे हवालदाराला ठाण्यावरच दाखवून येतो म्हणाला.

आणि गुरुवारी सकाळी डेप्युटी साहेब आले. उंच, सुकलेले, काळा कोट, ओठांवर हसू कधी वस्तीला नसावं असा चेहरा. त्यांनी धोतर निरखून पाहिलं. कासोटा ओळखला, पण बोलले नाहीत. मग पुढच्या रांगेत बसलेल्या अंबूकडं बोट केलं.

"मुली, एका रुपयाचे आणे किती?"

"पंधरा," अंबू म्हणाली.

साहेबांची भुवई वर गेली. मास्तर पुढं सरसावले. "अंबू, बाळ, नीट आठव. आपण फळ्यावर शिकलो ते."

"फळ्यावरचं न्हाई, मास्तर. काल तुमीच मोजून घेतलं की."

"सर्वांनी सांगा," साहेब म्हणाले. "एका रुपयाचे आणे किती?"

एकेचाळीस पोरांनी एका सुरात गोदाम दणाणून सोडलं. "पंधरा."

मास्तरांनी सांगायचा प्रयत्न केला. म्हातारी, मडकं, उद्यापन, ताकाचा तांब्या, सगळं सांगितलं. पण ते सांगताना त्यांचं त्यांनाच खरं वाटेना, तर साहेबांना काय वाटणार? साहेबांनी शेरेबुक उघडलं आणि लिहिलं, 'मुलांस पैशाची ओळख अजिबात नाही.' जेवायलाही थांबले नाहीत. तिसऱ्या प्रहराची मोटार गाठायची होती, ती चुकली तर दुसरी नव्हती. रीतीप्रमाणं मास्तर आणि पोरं त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला निघाली. शेऱ्याखाली साहेबांची सही राहिली होती, म्हणून शेरेबुक मास्तरांच्या काखेत होतं. वाटेत त्यांना पोळ्या लाटणारी शकू आणि जाऊबाईंच्या कपाळावरच्या आठ्या दिसत होत्या. तिनं कोथिंबीर सोडली होती आणि आपण छडीनं ठेका धरत बसलो, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

मोटार उभीच होती. ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, "इस्लामपूर चार आणं. मोड पायजे, साहेब. नोट द्यायची तर आख्खी जाईल."

"सकाळी येताना आख्खी गेली," साहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज माणसासारखा झाला होता. "कालही गेली. रोज बारा आणे जातात माझे. मास्तर, एका रुपयाची मोड आहे का तुमच्यापाशी?"

मास्तरांपाशी कुठली? त्यांनी मान खाली घातली. गर्दीतून अंबू मात्र वाऱ्यासारखी पळाली. तिचं घर फाट्यालाच होतं. ती परत आली ती पोटाशी एक मडकं धरून. राहीबाईनं दोन मडकी मांडली होती आणि उद्यापन एकाचंच केलं होतं. सगळी लक्ष्मी एकदम बाहेर काढणाऱ्यातली ती नव्हती.

अंबूनं मैलाच्या दगडावर एकेक नाणं मांडलं. दोन चवल्या, सहा आणे, मग पैशांची चवड. चार-चार पैसे बाजूला करत तिनं पाच आणे लावले आणि हात पुढं केला. साहेबांनी मोजलं.

"मुली, एक आणा कमी आहे."

"कमी न्हाई. रुपयाचं पंधराच."

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. साहेबांनी मोटारीकडं पाहिलं, अंबूकडं पाहिलं आणि नोट तिच्या हातावर ठेवली. पंधरा आणे खिशात टाकताना त्यांना एकदम काहीतरी सुचल्यासारखं झालं. त्यांनी आणखी एक नोट काढली. "उद्या तीन गावं फिरायची आहेत. आणखी एका रुपयाचे दे."

अंबूनं मडक्यात डोकावून बघितलं. तळाशी किती उरलंय ते पाहिलं. मग निघायच्या बेतात असलेल्या मोटारीकडं पाहिलं.

"ह्याचं चौदा," ती म्हणाली.

साहेबांनी घासाघीस केली नाही. चौदा आणे घेतले, मोटारीच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि मास्तरांपुढं हात केला. मास्तरांनी काखेतलं शेरेबुक दिलं. साहेबांनी सकाळचं वाक्य खोडलं, वर बारीक अक्षरात दुसरं लिहिलं, सही ठोकली, वही परत दिली आणि आत जाऊन बसले. धुरळा खाली बसल्यावर मास्तरांनी वही उघडली. तिथं लिहिलं होतं, 'मुलांस पैशाचे ज्ञान तपासणाऱ्यापेक्षा अधिक आहे. शिक्षकांस कायम करावे.'